आमची वाटचाल : शेतीच्या पंपापासून रॉकेटच्या पंपापर्यंत

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. त्यामुळे सांगली भागात पंपाचं काम हातात बसलेले टर्नर पुष्कळ, माझे वडील त्यांतलेच. कुपवाड एमआयडीसीत एका लेथवर इम्पेलर (पंपातलं पात्यांचं फिरतं चाक), शाफ्टचं जॉबवर्क करत त्यांनी कारखाना उभा केला. पुढे मी कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी पंपांची, डिझेल इंजिनांची कट-सेक्शन मॉडेल्स करू लागलो. मग एका कॉलेजानं रॉकेट इंजिनांचा संच मागितला.

पहिलं मॉडेल घन इंधनाचं. त्यात आम्ही सळईसारखा भरीव गाभा बसवला. कॉलेजच्या सरांनी ते परत पाठवलं. "हे उदबत्तीसारखं टोकाकडून जळेल. मग जोर कुठून येणार?" मोठ्या बूस्टरच्या (रॉकेटला सुरुवातीचा जोर देणाऱ्या इंजिनाच्या) इंधनात मधोमध आरपार पोकळी असते, काही ठिकाणी चांदणीच्या आकाराची. आग आतून बाहेर सरकते, एकाच वेळी जास्त भाग जळतो, म्हणून जोर मिळतो. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचा एकेक एस-२०० बूस्टर सुमारे २०० टन इंधन दोन मिनिटांत संपवतो. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, पण एकदा पेटला की विझवता येत नाही. गाभा आम्ही नव्यानं केला.

द्रव इंधनाशी आलो आणि घरी आल्यासारखं वाटलं, कारण इस्रोच्या विकास इंजिनाचा जीव टर्बोपंपात, म्हणजे टर्बाइनवर फिरणाऱ्या इंधनपंपात आहे. क्रायोजेनिकमध्ये, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या इंजिनात, तर पंपाची खरी कसोटी. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन, लिटरला जेमतेम ७० ग्रॅम. इतक्या हलक्या द्रवाला दाब द्यायचा तर वेग अफाट लागतो. शेतीचा पंप मिनिटाला २९०० फेऱ्यांच्या आत फिरतो, स्पेस शटलच्या इंजिनातला हायड्रोजन पंप ३५ हजार. हे ऐकून वडिलांनी हातातला इम्पेलर खाली ठेवला आणि विचारलं, "अरे, मग बॅलन्सिंग कसं करतात?" २०१० मध्ये इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटचा हायड्रोजन बूस्टर पंपच (मुख्य पंपाआधीचा मदतनीस पंप) थांबला होता. ५ जानेवारी २०१४ ला त्याच रॉकेटच्या उड्डाणाला यश आलं, त्याचा आनंद आम्हा पंपवाल्यांना जरा जास्तच.

सरांचं माप सोपं आहे : एक किलो इंधन एक किलोचा रेटा किती सेकंद देईल? निर्वातात घन सुमारे २७०, विकास २९०, क्रायोजेनिक सीई-२० साधारण ४४०. आयन इंजिन (विजेचा भार असलेले कण, म्हणजे आयन, मागे फेकणारं) ३००० च्या घरात, पण रेटा तळहातावरच्या दोन कागदांएवढा. जमिनीवरून उचलायला निरुपयोगी, अंतराळात महिनोन्‌महिने चालणारं.

सध्या आयन इंजिनाच्याच मॉडेलसाठी, ज्यांतून आयन बाहेर पडतात त्या दोन जाळ्या करतोय. दोन्हींची बारीक भोकं समोरासमोर यायला हवीत, नाहीतर खऱ्या इंजिनात आयन जाळीवरच आदळून ती झिजवतात. काल तिसरी प्लेट बाद केली.