अलास्का हायवे, मांडीवरचं जाड पुस्तक आणि तीन वेगवेगळी अंतरं

गेल्या जूनमध्ये दादा, वहिनी आणि मी अलास्का हायवे पूर्ण केला, म्हणजे कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून निघून ब्रिटिश कोलंबिया, मग युकॉन, आणि शेवटी अलास्कातलं डेल्टा जंक्शन, साधारण 2,232 किलोमीटर. डोंगर, तळी, अस्वलं सगळं दिसलं, पण भेटेल तो माझ्याकडून पुस्तकाबद्दलच ऐकतोय, कारण खरंच सांगते, त्या पुस्तकाशिवाय आम्ही निम्मा रस्ता बघितलाच नसता.

पुस्तक म्हणजे 'द माइलपोस्ट'. 1949 पासून निघतंय, दरवर्षी नवी आवृत्ती. हायवे सामान्य लोकांसाठी खुला झाला 1948 ला, म्हणजे जवळपास रस्त्याएवढंच जुनं. यात रस्त्याची मैलामैलाची नोंद असते, इथे पूल, इथे गाडी बाजूला घ्यायला जागा, इथे कचऱ्याचा ड्रम, इथून पुढे तीव्र उतार, इथे ओढा आणि त्यात मासे कुठले, इथे कॅम्पग्राउंड, असं पानंच्या पानं. घरी चाळलं तेव्हा रेल्वेच्या टाइमटेबलसारखं वाटलं होतं, गाडीत बसल्यावर मात्र तेच वाचण्यासाठी जीव टाकायला लागलो.

पण ते वाचायचं कसं हे आधी नीट शिकावं लागतं. प्रत्येक नोंदीपुढे डीसी आणि डीजे अशी अक्षरं आणि आकडे असतात, डीसी म्हणजे डॉसन क्रीकपासून किती आलो आणि डीजे म्हणजे डेल्टा जंक्शनला किती उरलं. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ पुढे सुरू होतो, कारण या एकाच रस्त्यावर तीन अंतरं नांदतात. एक, 1940 च्या दशकातले जुने ऐतिहासिक मैल, जे लोक अजून पत्त्यासारखे वापरतात, फोर्ट नेल्सन म्हणजे मैल 300, वॉटसन लेक म्हणजे मैल 635. दुसरं, कॅनडाच्या बाजूला रस्त्याकडेला लावलेले किलोमीटरचे खांब. आणि तिसरं, आपली गाडी प्रत्यक्षात चालते ते अंतर. ही तीन जुळत नाहीत कारण गेली ऐंशी वर्षं हा रस्ता सरळ करत आणलाय, वळणं काढली, त्यामुळे मूळचे 1,422 मैल आता सुमारे 1,387 उरलेत. मी पहिल्या दिवशी जुना मैल धरून वाचत बसले आणि एक छान पॉइंट मागे पडला तेव्हा कळलं की आपण कुठल्या आकड्यावर आहोत हेच आपल्याला माहीत नाहीये.

त्यावर उपाय वहिनीने काढला आणि तो शेवटपर्यंत चालला. प्रत्येक मोठ्या गावातून निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, त्या गावाच्या नोंदीचा आकडा पेन्सिलने पानावर वर लिहायचा, आणि मग नुसती बेरीज. खांब दिसला की ताडून बघायचं. रात्री झोपायच्या आधी दुसऱ्या दिवशीची पानं वाचून खुणा करायच्या, आणि गाडीत ड्रायव्हरशेजारच्याने दहाएक किलोमीटर पुढचं मोठ्याने वाचायचं. समोर आलेलं वाचून उपयोग नसतो, ट्रेलरवाला मागे असताना दादा ऐनवेळी ब्रेक मारणार कसा. दोन दिवसांत आमची लयच बसली, मी म्हणायचे "दादा, चार किलोमीटरवर थांबायला जागा, तळं दिसतं म्हणे", मागून वहिनी विचारायची "टॉयलेट आहे का बघ", आणि पुस्तकात ते पण लिहिलेलं असायचं!

फोनवर हे होत नाही का? मोठमोठ्या पट्ट्यात नेटवर्कच नाही. आणि असतं तरी नकाशा फक्त सरळ जा म्हणतो, पाचशे किलोमीटर सरळ जा.

पेट्रोलचं मात्र मी पुस्तकावर शंभर टक्के सोडणार नाही. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक पाचशेच्या वर किलोमीटर आहेत आणि मधल्या जागा तुरळक, त्यातल्या काही फक्त उन्हाळ्यात चालतात, काही बंद पडतात. छापलेलं ते छापलेलं, एका ठिकाणी आम्ही पोचलो तर पंपाला साखळी. त्या दिवसापासून नियम एकच, टाकी अर्ध्यावर आली आणि पंप चालू दिसला की भरायचं, पुढे पंप लिहिलेला असला तरी. आणि कुणाची तरी चारपाच वर्षांपूर्वीची प्रत मिळतेय म्हणून ती घेऊन जाऊ नका, ओढे आणि डोंगर तेच राहतील पण पंप आणि मोटेल नाही राहणार.

खरी मजा याच पट्ट्यात आहे. समिट लेकला हायवेची सगळ्यात जास्त उंची, 1,295 मीटर. त्या भागात स्टोन शीप नावाच्या जंगली मेंढ्या खनिजांसाठी रस्त्यावर येऊन चाटत बसतात, आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं म्हणून दादाने वळणाआधीच स्पीड कमी केला आणि वळणापलीकडे खरंच सात-आठ मेंढ्या, दोन पिल्लं, अगदी मधोमध. पुढे मंचो लेक, मग लिआर्डचे गरम पाण्याचे झरे, आणि तिथून वॉटसन लेकपर्यंत रस्त्याच्या कडेला बायसन.

कॉन्टॅक्ट क्रीकला आम्ही एरवी थांबलो नसतो, साधा ओढा आहे. पण दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून रस्ता करत आलेल्या सैनिकांच्या तुकड्या 24 सप्टेंबर 1942 ला इथे भेटल्या. आठेक महिन्यांत जंगल आणि दलदलीतून हा रस्ता काढला अमेरिकन सैन्याने, दहा हजारांवर सैनिक, त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, वेगळ्या ठेवलेल्या पलटणीत. मी तिथे उभी राहून ते दोघांना वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, डास चावत होते तरी. वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे, 1942 मध्ये घरची आठवण येणाऱ्या कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाने आपल्या गावाची पाटी लावली, आणि लोक लावतच गेले, आज हजारो आहेत.

क्लुआनी तळ्याच्या पुढे सीमेपर्यंत रस्ता लाटांसारखा होतो. खाली कायम गोठलेली जमीन आहे, वरचं शेवाळ आणि माती खरवडली की ऊन लागून बर्फ वितळतो, जमीन खचते, पुन्हा गोठताना फुगते. 1942 ला सैनिकांचीही यंत्रं यातच रुतली होती, मग त्यांनी ओंडके आडवे टाकून त्यावरून रस्ता नेला. पुस्तकात या पट्ट्याबद्दल बजावून ठेवलेलं असल्यामुळे आम्ही इथे सकाळी निघालो, हळू चाललो आणि घाईचा मुक्काम ठेवला नाही. ज्यांनी ठेवला होता त्यांचा एक ट्रेलर बाजूला ॲक्सल मोडून उभा दिसला, वाईट वाटलं.

अलास्कात शिरलं की किलोमीटरचे खांब संपतात आणि मैलाचे सुरू होतात, आणि ते जुन्या ऐतिहासिक मोजणीने, सीमेवर जवळपास 1,222 पासून पुढे. म्हणजे तीन आठवडे ज्या जुन्या आकड्यांना मी फक्त पत्ता समजत होते ते अचानक रस्त्याकडेला उभे! टोक नावाच्या गावाला 1,314, आणि डेल्टा जंक्शनला 1,422 चा खांब. दादाने तिथे गाडी बंद केली, वहिनीने सगळ्या पानांवरच्या पेन्सिलच्या बेरजा एकत्र केल्या, बाजूच्या फेऱ्या वजा करून आमचे मैल 1,390 च्या आत आले.

परत त्याच रस्त्याने यायचं होतं. नोंदी दक्षिणेकडून उत्तरेकडे लिहिलेल्या असतात, त्यामुळे येताना पुस्तक खालून वर वाचायचं, डीजेचा आकडा धरून. या वेळी दादा म्हणाला, गाडी तू घे, पुस्तक मला दे.