मुद्देमालातला फ्रॉक

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी पोरीच्या आईचा फोन आला. "ताई, उद्या नक्की होईल ना? नाहीतर परत खाडा पडेल."

ती चार घरची कामं करते. याआधी तीन वेळा समन्स आलं होतं, आणि तिन्ही वेळा दिवसभर बसून आम्ही तारीख घेऊन परत आलो होतो. एकदा आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, एकदा जज रजेवर होते, एकदा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, एवढा मोठा की आमच्या केसपर्यंत पोचता पोचता पाच वाजले. कोर्टाच्या बाबतीत 'नक्की' हा शब्द मी तोंडातून काढत नाही. "साडेनऊला स्टेशनवर आहे मी," एवढंच म्हटलं.

मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. 2012चा कायदा आणि त्याखालचे 2020चे नियम, यांत ही तरतूद आहे. घरच्यांची संमती घेऊन बाल कल्याण समिती आम्हाला नेमते आणि मग निकाल लागेपर्यंत आम्ही त्या मुलासोबत. मेडिकल, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, सरकारी मदतीसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज, शाळेत बाईंशी बोलणं, आणि साक्ष. मुलाची ओळख पटेल असं काही लिहायला कायद्यानं मनाई आहे, आणि नसती तरी मी लिहिलं नसतं. मुंबईत सेशन कोर्ट फोर्टला आहे, दिंडोशीलाही आहे. आमचं कुठलं ते राहू दे. गुन्हा घडला तेव्हा पोरगी 8 वर्षांची होती आणि आरोपी त्याच चाळीतला, ज्याला ती काका म्हणायची. साक्षीच्या दिवशी तिला 11 पूर्ण झाली होती.

कोर्टानं दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा, असं कायद्याचं कलम 35 सांगतं. इथं तीन वर्षं गेली.

आरोपी जामिनावर बाहेर. आम्ही पोचलो तेव्हा तो कोर्टरूमच्या दारासमोरच बायको आणि भावाबरोबर उभा होता. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये म्हणून आत पडदा असतो. बाहेर पॅसेजमध्ये पडदा नसतो. आम्ही एक मजला खाली, जिन्याच्या वळणावर बसलो. पोरीला तीनदा बाथरूमला जायचं होतं. तिन्ही वेळा आधी मी पुढं जाऊन बघून आले, मग आईला हात केला. माझ्या कामाचे निम्मे तास या असल्या गोष्टीत जातात आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये याला रकाना नसतो. पण त्या बाथरूमच्या दाराशी तो समोर आला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. आधीच्या एका केसमध्ये मी ते पाहिलंय.

"ताई, माझं नाव मोठ्यानं पुकारणार का?" तिनं विचारलं.

"नाही. केसचा नंबर पुकारतात."

"नक्की?"

या वेळी मात्र मी नक्की म्हटलं, कारण सकाळीच शिपायाशी बोलून ठेवलं होतं.

घटनेबद्दल मी तिच्याशी बोलत नाही. ते बोलायचंच नसतं. उद्या कुणी म्हणायला नको की हिला पढवून आणलंय. आदल्या आठवड्यात वहीच्या पानावर कोर्टरूम काढून दाखवली होती: जज मॅडम इथं, टाइप करणारे काका इथं, तुझी खुर्ची इथं, माझी तुझ्या मागं. आणि तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. कळलं नाही तर परत विचारा म्हण. खरं असेल तेच सांग.

तीन वाजून गेल्यावर पुकारा झाला. बाकीच्यांना बाहेर काढलं, कारण ही साक्ष बंद दाराआड होते. आईलाही बाहेरच थांबावं लागलं. ती स्वतः साक्षीदार आहे आणि तिची साक्ष अजून व्हायची होती. आत पोरीचं म्हणावं असं माणूस म्हणजे मी एकटी.

पडदा म्हणजे चौकटीला लावलेलं हिरवं कापड, दवाखान्यात खाटेभोवती असतं तसं. ते जमिनीपासून वीतभर वर होतं. पोरगी खुर्चीत बसली, खाली बघितलं आणि तशीच थिजली. मी वाकले तेव्हा कळलं. कापडाखालून त्याच्या चपला दिसत होत्या, काळ्या, अंगठ्याच्या. ती माणूस चपलांवरून ओळखत होती. मी सरकारी वकील मॅडमना खूण केली, त्यांनी कोर्टाला सांगितलं, आणि खुर्ची फिरवून जज मॅडमच्या जवळ घेतली.

जज मॅडमनी आधी शाळेचं विचारलं. मग, "खोटं बोललं तर काय होतं?"

"ओरडा बसतो."

"आणि इथं काय बोलायचं?"

"खरं."

12 वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं एवढं कळत असलं, तर शपथ दिली नाही तरी चालतं. अजून काही तारखा पडल्या असत्या तर ही मुभाही गेली असती.

ती काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. ती बोलली. मध्ये दोनदा पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली.

मग मुद्देमाल, म्हणजे पोलिसांनी पुरावा म्हणून जप्त केलेली वस्तू, आली. खाकी कागदाचं पाकीट, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, आणि कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबचं सील. क्लार्कनी कोर्टासमोर सील फोडून आतला फ्रॉक टेबलावर पसरला. पिवळा, बारीक फुलांचा. तपासणीसाठी कापड घेतलेलं, त्या जागी चौकोनी भोक.

"हा फ्रॉक कुणाचा आहे?" सरकारी वकिलांनी विचारलं.

तिनं बराच वेळ बघितलं. "माझा नाही."

आरोपीचे वकील झटकन उभे राहिले. हे उत्तर जसंच्या तसं नोंदवून घ्या, म्हणाले. सरकारी वकील मॅडमचा चेहरा उतरला. मला सगळं कळत होतं. मी तिच्या मागं हातभर अंतरावर बसले होते आणि माझ्या तोंडून हुंकारसुद्धा निघून चालणार नव्हतं. खुर्चीची कड मी इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटांवर वळ दिसले.

जज मॅडमनी वकिलांना बसायला सांगितलं. "बाळा, घाई नाही. नीट बघून सांग. माझा नाही म्हणजे काय?"

पोरीनं फ्रॉकची बाही दोन बोटांत धरली, उचलून स्वतःच्या खांद्याला लावून बघितली. बाही दंडाच्या निम्म्यातही आली नसती.

"माझा होता. आता मला येत नाही."

"कशावरून तुझा होता?"

"हे बटण आईनं लावलंय. बाकीची पांढरी आहेत. आमच्याकडे पांढरं नव्हतं म्हणून तिनं निळं लावलं."

साक्षीदारानं फ्रॉक ओळखला, असं जज मॅडमनी स्टेनोला सांगितलं. बटणाचं वाक्यही घालायला लावलं.

तीन वर्षांत पोरीनं शाळेचे तीन युनिफॉर्म बदलले. पाकीट मात्र सीलमध्ये होतं, तेवढंच राहिलं. तारीख देताना फाइलवर पुढचा आकडा पडतो, आणि तोवर मूल वाढत असतं. तिला स्वतःचेच कपडे परके व्हायच्या आत साक्ष व्हायला हवी होती, हे मी तेव्हाही मनात म्हणत होते आणि आजही त्याचा मला राग आहे.

उलटतपासणीत वकिलांना मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत. ते कोर्टाला सांगतात आणि कोर्ट विचारतं. तुला कुणी शिकवून आणलंय का, हा प्रश्न आलाच. "ताईनं सांगितलंय," ती म्हणाली. वकील माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पोटात गोळा आला. काय सांगितलं, असं जज मॅडमनी विचारलं. तिनं बोटं मोजत तिन्ही गोष्टी सांगितल्या, त्याच क्रमानं.

सव्वापाचला साक्ष संपली. चीफ, म्हणजे सरकारी वकिलांची तपासणीही झाली, क्रॉस, म्हणजे उलटतपासणीही झाली. तिला परत त्या खुर्चीत बसायला लागू नये अशी आशा आहे. बाहेर आल्यावर तिला वडापाव हवा होता, तिखट चटणीशिवाय. आईची तारीख पुढच्या महिन्यातली पडली.

परतीच्या लोकलमध्ये पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. फ्रॉकचं आईला तिनंच सांगितलं होतं. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "ताई, ते कपडे परत देतात का हो?"

मी सांगितलं: निकाल लागला, अपिलाची मुदत गेली, की कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे मुद्देमालाची विल्हेवाट लावतात. हवे असतील तर अर्ज करता येईल.

"नको, नको. असंच विचारलं." मग पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "शिवला होता मी तो. दिवाळीला."