अ‍ॅडजस्ट म्हणजे सरका की जरा

काल खानापूर-बेळगाव बसमध्ये तिघांच्या सीटवर आम्ही आधीच तिघी, त्यात एक आज्जी कोथिंबिरीची पिशवी घेऊन "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री" म्हणत टेकल्याच, आम्ही मराठी हे कळल्यावर लगेच "अ‍ॅडजस्ट करा की गं". शब्द तोच! घरी येऊन हुडकलं तर मूळ लॅटिन, युक्स्ता म्हणजे जवळ, त्यावरनं जवळ आणणे, मग फ्रेंचमधनं इंग्रजीत. मला वाटायचं जस्ट म्हणजे न्याय्य, त्यातनं आला असणार, तर हा घोळ फ्रेंचांनी आधीच घातलेला आणि नीट बसवणे हा अर्थ त्यातनंच पक्का झाला. इंग्रज घड्याळ अ‍ॅडजस्ट करतो, आपण माणसं करतो, सुट्टे पैसे करतो, सासूला पण... जाऊ दे. आज्जी मच्छ्याला उतरल्या, कोथिंबिरीची दोन पानं माझ्या ओढणीवर.