काल्पी : यमुना ओलांडण्याआधीचं शेवटचं गाव

मुंबईहून लखनौला जाणारी पुष्पक झाशी सोडून पुढे निघाली, की उरईनंतर थोड्याच वेळात यमुनेच्या लांब पुलावर येते. पुलाच्या अलीकडे नदीच्या उंच कड्यावर एक गाव दिसतं आणि मागे पडतं. तेच काल्पी. झाशीला उतरणाऱ्या, बिठूरला जाऊन येणाऱ्या मराठी माणसांना हे गाव फक्त शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं, तेही एका ओळीपुरतं: राणी झाशीहून निसटली ती काल्पीला गेली. का गेली, काल्पीलाच का, हे कुणी विचारत नाही. ताई भूगोल शिकवते आणि मला इतिहासाचा नाद आहे, म्हणून दोघांनी मिळून हे गाव नीट बघायचं ठरवलं.

मुक्काम उरईला ठेवला. जालौन जिल्ह्याचं ठाणं जालौन नसून उरई आहे, हे तिथे गेल्यावरच लक्षात येतं. उरईहून काल्पी साधारण पस्तीस किलोमीटर, कानपूरच्या हमरस्त्यावर. फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना गहू, मसूर आणि वाटाणा. जमीन बघून ताईने गाडीतच मान बाहेर काढली, कारण ती काळी होती. उत्तर प्रदेश म्हटलं की डोळ्यांसमोर पिवळट गाळाची जमीन येते, पण यमुनेच्या या बाजूला बुंदेलखंडातल्या मातीचे प्रकारच वेगळे. इथले शेतकरी त्यांना मार, काबर, पडुआ आणि राकड म्हणतात. मार सगळ्यांत काळी, ओल धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. काबर तिच्याच जातीची पण अधिक चिवट. पडुआ हलकी, आणि राकड म्हणजे नदीकाठची धुपून गेलेली खडबडीत जमीन. ‘विदर्भात आल्यासारखं वाटतंय’, असं ताई म्हणाली.

काल्पी जवळ आली तशी राकड सुरू झाली आणि रस्त्याच्या कडेची जमीन एकदम खाली कोसळलेली दिसू लागली. हे बीहड. चंबळच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या घळी चंबळपुरत्या नाहीत, यमुनेच्या या काठावरही मैलोन्‌मैल आहेत. काल्पीच्या वरच्या अंगाला, याच जिल्ह्याच्या टोकाशी पचनदा नावाची जागा आहे. तिथे चंबळ, क्वारी, सिंध आणि पहूज या नद्या यमुनेला मिळतात. दिल्ली-आग्र्याकडून येणारी यमुना कालव्यांनी आणि शहरांनी पिऊन टाकलेली असते, तिला खरं पाणी मिळतं ते इथे, मध्य भारतातून आलेल्या या नद्यांकडून. नदीचं पात्र खोल, काठ उंच, माती भुसभुशीत. पावसाचं पाणी एवढ्या उंचीवरून खाली उतरताना काठ कातरत मागे मागे सरकतं, आणि दर पावसाळ्यात घळ थोडी शेतात घुसते. काल्पीची कित्येक घरं अशा घळींच्या काठावर आहेत. वरून बघितलं तर खालच्या वस्तीचं छप्पर आपल्या पायाच्या पातळीला येतं.

आम्ही आधी नदीवर गेलो. किल्ल्याखालच्या कड्यावर मातीचे थर उघडे पडलेत. या कड्यांना भूशास्त्रात चांगलं नाव आहे. काल्पीजवळच्या थरांमध्ये हत्तीसारख्या प्राण्यांची जीवाश्मं, हस्तिदंत, आणि माणसाने घडवलेली दगडाची आणि हाडांची हत्यारं सापडली आहेत. वय साधारण ४५ हजार वर्षं. गंगेच्या मैदानात माणसाचा इतका जुना माग फार थोड्या ठिकाणी लागतो, कारण बाकी सगळीकडे तो गाळाखाली गाडला गेलाय. इथे नदीने स्वतःच खणून दाखवला.

ताईला मात्र हत्तींपेक्षा वाळूत रस. हिमालयातून येणारी वाळू करडी असते. इथल्या थरांत लालसर, गुलाबी कणांची भरड वाळू आढळते. ती बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटची, म्हणजे दक्षिणेकडून वाहत आलेली. तीच वाळू यमुनेच्या पलीकडे, गंगा-यमुनेमधल्या दुआबाच्या जमिनीखालीही सापडली आहे. म्हणजे एके काळी दक्षिणेचा गाळ आज यमुना वाहते त्या रेषेच्या बराच उत्तरेला जाऊन पडत होता. ‘आधी दगड गेले, मग तुमचे पेशवे’, असं म्हणून तिने विषय माझ्याकडे सोपवला.

पण पेशव्यांच्या आधी आणखी एकजण इथे येऊन गेला होता. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र इसवी सन ९१६च्या सुमारास दख्खनमधून थेट कनौजवर चालून गेला. खंबायत इथे मिळालेल्या ताम्रपटात त्या मोहिमेचं वर्णन आहे. त्याच्या माजलेल्या हत्तींनी सुळे मारमारून कालप्रियाच्या देवळाचं अंगण उखडलं, आणि त्याच्या घोड्यांनी समुद्राशी स्पर्धा करणारी अथांग यमुना ओलांडली. हे कालप्रिय म्हणजे काल्पीचं सूर्यमंदिर, असं नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. भवभूतीची तिन्ही नाटकं ज्या कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगली, ती यात्राही त्यांच्या मते इथलीच. काही पंडित कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल मानतात, पण ताम्रपटातली यमुना उज्जैनला कुठून आणायची? मी मिराशींच्या बाजूचा. शिवाय भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, मिराशींच्या मते आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचा. आपल्याकडचा नाटककार आणि आपल्याकडच्या राजाचे हत्ती दोघेही एकाच देवळाच्या अंगणात. पहिला रंगवायला, दुसरे उखडायला.

त्या देवळाचं आज काही दिसत नाही. गावात व्यासांचं देऊळ आहे, महर्षी व्यास इथेच जन्मले अशी श्रद्धा आहे आणि त्यांच्या नावाचा टीलाही दाखवतात. देऊळ नवं आहे. आम्ही हात जोडून पुढे निघालो.

चौरासी गुंबद मात्र वेळ काढून बघण्यासारखी. उरईच्या रस्त्याला, गावाबाहेर. सुलतानी काळातली कबर आहे, लोदी घराण्यातल्या कुणाची म्हणून सांगतात. दगड आणि चुना, चौकोनी जाड खांबांच्या रांगा, त्यांवर कमानी, त्यामुळे आतला भाग पटावरच्या घरांसारखा विभागलेला. मधला घुमट मोठा. आत सावली आणि गारवा, आणि परीक्षेचा अभ्यास करत बसलेली तीन मुलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरच्या स्वारीच्या धामधुमीत दिल्ली खिळखिळी झाली तेव्हा काल्पीत स्वतंत्र सुलतानशाही उभी राहिली. माळव्याचा होशंगशाह आणि जौनपूरचे शर्की दोघेही हे गाव मिळवायला धडपडले. अकबराच्या काळात काल्पी आग्रा सुभ्यातलं सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग होतं आणि इथे तांब्याची नाणी पडत. या सगळ्यांना गाव कशाला हवं होतं ते किल्ल्यावर उभं राहिलं की समजतं. खाली यमुनेचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, पलीकडे कनौज-कानपूरकडचा सपाट दुआब, मागे बुंदेलखंड आणि माळव्याकडची वाट. काल्पी ज्याची, नदी ओलांडायची परवानगी त्याची.

बाजीरावाला हे गाव न लढता मिळालं. १७२९मध्ये जैतपूरला मुहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केल्यावर त्या वृद्ध राजाने त्याला मुलगा मानलं, आणि १७३१मध्ये छत्रसाल वारल्यावर राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. त्यात सागर, झाशी यांच्याबरोबर काल्पी. कारभार बघायला आले गोविंदपंत खेर, मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडात इतके मुरले की आडनावच बुंदेले झालं. कोकणातल्या कुळकर्ण्याच्या घरातला माणूस यमुनेपलीकडे दुआबात वसुली करतो, हे तेव्हा कुणाला फार नवलाचं वाटलं नसावं. पानिपताच्या मोहिमेत अब्दालीची रसद तोडायचं काम त्यांच्यावर होतं. म्हातारपणी, घोड्यावर नीट बसता येत नसताना, ते त्या कामात डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले. भाऊंच्या छावणीची उपासमार पुढे वाढत गेली त्याचं हे एक मोठं कारण. पानिपताची चर्चा करताना आपण तोफा आणि गोलाच्या व्यूहाबद्दल पुष्कळ बोलतो, गोविंदपंतांबद्दल कमी बोलतो, आणि बोललो तरी बहुधा हिशोबाच्या बाकीबद्दल!

किल्ल्यात आज उभी आहे ती एकच घुमटाची इमारत. भिंती इतक्या जाड की दाराच्या आत दोन माणसं सहज झोपतील. मराठ्यांचा खजिना इथे असे, म्हणतात. आता गावातला कुणीही त्याला राणी आणि तात्या टोप्यांच्या मसलतीची जागा म्हणून दाखवतो. बाकी किल्ला कुठे गेला असं विचारलं तर नदीकडे बोट दाखवतात.

इंग्रजांनाही याच उताराचं महत्त्व कळलं होतं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईच्या इंग्रजांच्या मदतीला बंगालहून जमिनीवरून फौज पाठवली ती मे १७७८मध्ये कर्नल लेस्लीच्या हाताखाली काल्पीलाच यमुना उतरली. लेस्ली बुंदेलखंडात रेंगाळला आणि तिथेच मेला. त्याच्या जागी आलेला गॉडर्ड सुरतेला पोचला तोवर वडगावला मुंबईच्या फौजेने मराठ्यांपुढे शरणागती पत्करण्याचा प्रसंग होऊन गेला होता. १८०३च्या अखेरीस काल्पी इंग्रजांनी घेतली. पुढे बुंदेलखंडाचा कापूस इथे गोळा करून होड्यांनी खाली मिर्झापूरकडे जाई, कंपनीच्या खरेदीचं हे मोठं ठाणं झालं. रेल्वे आली तसा नदीचा व्यापार बसला. घाटाच्या पायऱ्या अजून रुंद आहेत, मालाच्या मानाने बांधलेल्या. आम्ही गेलो तेव्हा तिथे कपडे धुणाऱ्या दोन बायका होत्या.

आता राणी. ४ एप्रिल १८५८च्या रात्री ती झाशीतून निघाली आणि काल्पीला आली, कारण रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे इथे होते. किल्ल्यात जमिनीखाली दारूगोळ्याचं कोठार होतं, तोफा ओतण्याची सोय होती. ७ मेला याच जिल्ह्यातल्या कोंचला हार झाली. उन्हाचा तडाखा असा की इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजेत झटका येऊन माणसं पडत होती, खुद्द रोझही आडवा झाला. बंडवाल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते मुद्दाम भर उन्हात हल्ले करत. मग २२ मेला काल्पीजवळ गोलौलीला यमुनेच्या पाण्याची शपथ घेऊन लढाई. राणीची चाल तोफांपर्यंत पोचली होती. उंटावरून आलेल्या कुमकेने इंग्रज सावरले. दुसऱ्या दिवशी काल्पी गेली. बांद्याचा नवाब अली बहादूर याच लढाईत होता, बाजीराव-मस्तानीचा वंशज. छत्रसालाने दिलेल्या गावासाठी सव्वाशे वर्षांनी त्याच नात्यातला माणूस लढतोय, हे किल्ल्याच्या फलकावर असायला हवं. नाही. इथून सगळे गोपाळपूरमार्गे ग्वाल्हेरला गेले. पुढचं सर्वांना माहीत आहे.

लंका मीनार टाळायचा आमचा बेत होता. ई-रिक्षावाल्याने ऐकलं नाही. रामलीलेत रावणाचं काम करणाऱ्या मथुराप्रसाद नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात हा मनोरा बांधला. उंची दोनशे फुटांच्या वर असं सांगतात. चुन्यात उडदाची डाळ, शिंपले, कवड्या. वर रावण, बाजूला कुंभकर्ण आणि मेघनाद, आणि रावणाला सतत दर्शन व्हावं म्हणून समोर शंकराचं देऊळ. भूमिकेत इतका शिरलेला नट मी दुसरा ऐकला नाही. दारात रिक्षावाल्याने विचारलं, ‘आप लोग मियाँ-बीवी हैं?’ ताई म्हणाली, भाऊ-बहीण. ‘तो साथ में नहीं चढ़ेंगे.’ वर जाईपर्यंत जिन्याचे सात वळसे होतात, म्हणजे सात फेरे, म्हणून भावंडांनी एकत्र चढायचं नाही असा रिवाज. ताई चिडली, मग हसली, मग मला खाली ठेवून एकटी वर गेली. वीस मिनिटांनी उतरली ती बीहडांच्या फोटोंनी फोन भरून. माझ्या वाट्याला कुंभकर्ण आला.

शेवटी कागद. काल्पीचा हातकागद जुना, इथल्या खडीसाखरेसारखाच पूर्वी नावाजलेला. २०२३मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारखान्यात मालकांनी आत येऊ दिलं. कच्चा माल म्हणजे शिवणकामातून उरलेल्या सुती चिंध्या, इथे कतरन म्हणतात. त्या हाताने निवडायच्या, बटण, चेन, नायलॉन काढून टाकायचं, बारीक कापायच्या आणि पाण्यात तासन्‌तास कुटून लगदा करायचा. हौदात चौकट बुडवून वर उचलली की जाळीवर पातळ साय येते. ती कापडावर उलटी करायची, थर रचून दाबाखाली पाणी काढायचं, आणि ताव दोरीवर वाळत घालायचे. चौकट उचलणारा माणूस ती किंचित हलवून लगदा सारखा करत होता. जाडी तो कशावरून ठरवतो हे मी विचारलं. त्याने चौकट माझ्या हातात दिली. माझा ताव एका कडेला पुठ्ठा आणि दुसऱ्या कडेला मलमल झाला. त्याने तो काही न बोलता परत हौदात टाकला.

आता बहुतेक माल फायलींची कव्हरं, लग्नपत्रिका आणि पिशव्यांसाठी जातो. पाणी फार लागतं आणि सांडपाण्याचा प्रश्न आहे, हे मालक स्वतःच बोलले. झाडं तोडावी लागत नाहीत, ही जमेची बाजूही त्यांनीच सांगितली.

जायचं असेल तर उरई किंवा कानपूरला राहा, काल्पीत राहण्याची सोय जेमतेम आहे. कोंच आणि जालौन एकाच फेरीत होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधला कोणताही आठवडा चालेल. मे महिन्यात रोझच्या फौजेचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.