तुम्ही विचारलंत म्हणून : पुतळा काढला म्हणजे इतिहास पुसला का?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे मी राहते हे कळले की पुण्यातले आप्त आणि इथे नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात : तुमच्या गावाने सेनापती लीचा पुतळा काढला, हे इतिहास पुसणेच नव्हे का? प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते.

यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या, देशातून फुटून वेगळे राष्ट्र मांडणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी हेच शहर होते, आणि रॉबर्ट ली हे त्यांचे सेनापती. हे शहर एप्रिल १८६५ मध्ये उत्तरेच्या हाती पडले. लीचा पुतळा मात्र मे १८९० मध्ये उभा राहिला. मधल्या पंचवीस वर्षांत घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपली, मुक्त झालेले लोक नागरिक झाले, त्यांच्यातील पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला, आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या संसदेत जाऊन बसले. हे सारे उलटवण्याचा खटाटोप चालू असताना तो पुतळा आला, आणि १९०२ च्या राज्यघटनेने मतदान कर व वाचनपरीक्षा लादून व्हर्जिनियातील बहुतेक कृष्णवर्णीयांचे मत काढूनच घेतले. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले आणि गुलाम तसे सुखीच होते, ही कथा याच काळात रुजली आणि पुढे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. वास्तविक दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी १८६१ मध्येच सव्हाना येथील भाषणात सांगून टाकले होते की नव्या राष्ट्राची कोनशिला म्हणजे वंशांची विषमता आणि गुलामगिरी.

माझाही एक समज इथे येऊन मोडला, आणि तो मोडताना मला फार त्रास झाला. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना मुक्त करावे अशी आशा व्यक्त केली, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्यामुळे अमेरिकेतला तो प्रश्न सुटलेला आहे असे मी धरून चालले होते. पुस्तक निघाले १८७३ साली. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे कोर्टाची इमारत राखत असलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. पुढे १९५० च्या सुमारास तिथे लावलेल्या सरकारी फलकावर या हत्याकांडाला दंगल म्हटले होते : तीन गोरे आणि दीडशे निग्रो मेले, आणि बाहेरून आलेल्या उत्तरेकडच्यांचा दक्षिणेतील गैरकारभार संपला. हा फलक २०२१ पर्यंत उभा होता. दीडशे माणसांच्या मरणाची नोंद चांगल्या बातमीसारखी कोरून ठेवणे, हेच मला इतिहास पुसणे वाटते.

रिचमंडमध्ये त्या काळीही लीच्या पुतळ्याला विरोध झाला होता, हे आवर्जून सांगायला हवे. गुलामीत जन्मलेले जॉन मिचेल धाकटे हे ‘रिचमंड प्लॅनेट’ या वृत्तपत्राचे संपादक आणि नगरपरिषदेचे सदस्य होते. हा पुतळा कृष्णवर्णीयांच्या हातांनी चढवला आहे आणि वेळ आली तर तो उतरवायलाही तेच हजर असतील, असे त्यांनी १८९० मध्येच लिहिले. ८ सप्टेंबर २०२१ रोजी पुतळा उतरला, तेव्हा ते काम एका कृष्णवर्णीय कंत्राटदाराने केले.

आता कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी शहरातल्या शॉको बॉटम या भागात नेते. युद्धापूर्वी देशातल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक इथे भरत असे, आणि जवळच कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी आहे. २०११ पर्यंत तिच्यावर डांबर टाकून मोटारी उभ्या केल्या जात होत्या. आज तिथे गवत आहे.