कांद्याच्या मुळातली बुरशी शोधताना

अमळनेरला आमच्या घरामागे जेमतेम दीड गुंठ्याची परसबाग आहे. माती काळी, खोल आणि दिसायला देखणी; तरीही तीन वर्षे तिथला कांदा लिंबाएवढाही झाला नाही. माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) 8.2 आणि चुनखडी भरपूर निघाली. अशा जमिनीत स्फुरद, म्हणजे पिकाचे एक मुख्य अन्नद्रव्य, कॅल्शियमशी बांधला जातो आणि मातीत असूनही पिकाच्या हाती लागत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे दरवर्षी आणखी डीएपी हे स्फुरदाचे रासायनिक खत टाकणे हा होता. डीएपीत 46 टक्के स्फुरद असतो, त्यामुळे उणीव राहणार नाही असा माझा साधा हिशेब होता.

पुढे मायकोरायझाविषयी वाचनात आले. ही बुरशी मुळाच्या आत राहते, तिचे तंतू मूलरोमांच्या पलीकडच्या मातीतून स्फुरद ओढून आणतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. मी उत्साहाने एक पुडा आणला, तो ऐन एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवला, पुढे रोपे लावल्यावर वाफ्यावर वरवर भुरभुरला आणि त्याच आठवड्यात मर रोगाच्या भीतीने कार्बेन्डाझिमची आळवणी केली. बुरशी पेरायची आणि वर बुरशीनाशक ओतायचे, हा विनोद माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. उरलेला पुडा मी पालक आणि मुळ्याला घातला होता. मुळा, कोबी, मोहरी, पालक आणि बीट ही पिके या बुरशीला सहसा थाराच देत नाहीत, हे तर त्याहून उशिरा कळले.

दुसरी फसगत अधिक गोड होती. पावसाळ्यात पालापाचोळ्याच्या ढिगाखाली पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसले आणि आपल्या बागेत मायकोरायझा आला, असे मी घरात सर्वांना बोलावून दाखवले. ती पाचोळा कुजवणारी बुरशी होती. उपयोगी खरी, पण वेगळी. 1885 साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘मायकोरायझा’ हे नाव दिले, तेव्हा त्याच्यासमोर जंगलातल्या झाडांची मुळे होती. त्या मुळांवर बुरशीचे वेष्टन नुसत्या डोळ्यांनाही दिसते. वांगी, मिरची, कांदा यांच्या मुळांतला प्रकार मात्र पेशींच्या आत दडलेला असतो. बाहेरून मूळ अगदी निरोगी आणि कोरे दिसते, म्हणून ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला पर्याय नाही.

मी निवृत्त होण्यापूर्वी ज्या शाळेत विज्ञान शिकवत असे, तेथून जुना सूक्ष्मदर्शक काही दिवसांसाठी मिळाला. कांद्याची ताजी मुळे धुऊन त्यांचे सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे केले आणि कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात, काचेच्या भांड्यात, उकळत्या पाण्यावर अर्धा तास ठेवले. हे द्रावण कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे पातेले तर चुकूनही वापरू नये, कारण पोटॅश ते खाऊन टाकतो. शेजारच्या आजींनी कुंपणावरून डोकावून, “नाना, मुयास्नी भाजी करी ऱ्हायनात का?” असे विचारले, आणि वास पाहता तो प्रश्न अगदीच गैर नव्हता.

मुळे पारदर्शक झाल्यावर चहाच्या गाळणीत नीट धुतली, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवली आणि पाच भाग काळी शाई व पंच्याण्णव भाग व्हिनेगर यांच्या मिश्रणात तीन-चार मिनिटे गरम केली. त्यानंतर थेंबभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवल्यावर जादा रंग निघून जातो. शाई कोणतीही चालत नाही. पहिल्या बाटलीने सगळे मूळच सारखे निळसर करून ठेवले आणि एक दिवस वाया गेला. दुसऱ्या शाईने मात्र फिक्या पेशींच्या रांगांमधून धावणारे गडद तंतू दिसले. त्यांना आडवे पडदे जवळजवळ नव्हते, आणि हीच त्यांची मोठी खूण आहे. पडद्यापडद्यांचे तंतू दिसले तर ती दुसरी बुरशी समजावी. मधूनमधून लंबगोल फुगे होते आणि एका पेशीत, भिंग हळूहळू फिरवल्यावर, फांद्या फुटलेले इवलेसे झुडूप उभे राहिले. देवाणघेवाण होते ती याच झुडपातून. मी बराच वेळ डोळा हलवला नाही.

डीएपीच्या वाफ्यातल्या पन्नास तुकड्यांपैकी चारांतच बुरशी होती. बांधावरच्या निंबाखाली, जिथे कधी कुदळ लागली नाही की खत पडले नाही, तिथल्या हरळीच्या पन्नासपैकी एकतीस तुकड्यांत ती सापडली. झाडाला स्फुरद आयता मिळू लागला की ते बुरशीला साखर पुरवायचे कमी करते. पुडा विकत आणण्यापूर्वीच मी घरची बुरशी उपाशी मारत होतो.

म्हणून तीच बुरशी वाढवायला जूनअखेरीस बोरी नदीची वाळू आणि बागेची माती निम्मी-निम्मी घेऊन ती वाफवली, दहा कुंड्यांत भरली आणि त्यांपैकी आठांत निंबाखालची माती हरळीच्या मुळांसकट मधल्या थरात घातली. सगळ्या कुंड्यांत दादर ज्वारी पेरली. दादर हे आपले रब्बीचे पीक. तिला पावसाळ्यात पेरलेले पाहून धाकट्या भावाने मान हलवली, पण मला कणीस नको होते, मुळे हवी होती. साडेतीन महिन्यांनी पाणी तोडले, दहा दिवसांनी ताटे कापली आणि वाळलेली मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळली. झाड सुकू लागल्यावर बुरशी बीजाणू धरते, म्हणून पाणी तोडायचे. निंबाखालची माती न घातलेल्या दोन कुंड्यांतली मुळे रंगवली, तर ती कोरी निघाली.

नोव्हेंबरमध्ये कांद्याचे बी टाकताना ही माती अर्ध्या गादीवाफ्यात बियांच्या खाली, बोटभर खोल, पसरली; वरून भुरभुरण्याची चूक पुन्हा केली नाही. कांद्याला मूलरोम फार थोडे असतात, त्यामुळे त्याला या बुरशीचा आधार अधिक लागतो. महिन्याभरात दोन्ही बाजूंच्या रोपांच्या उंचीतला फरक भावानेही मान्य केला. पुनर्लागणीत मात्र जुन्या डीएपीच्या वाफ्यात गेलेली रोपे पुढे सारखीच दिसू लागली. डीएपी न पडलेल्या कोपऱ्यातल्या कांद्यांनीच आकार धरला. त्या वाफ्याला यंदा फक्त शेणखत दिले आहे आणि पावसाळ्यात तिथे मुगाची पेर करून, मुळे पुन्हा रंगवून मोजणार आहे. शाईची ती बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.