गॅलिलिओचं बोट आणि तडकलेलं भिंग

फ्लॉरेन्सचं मुझेओ गॅलिलिओ हे विज्ञान-संग्रहालय मंगळवारी दुपारी एकलाच बंद होतं. आम्ही पोचलो मंगळवारी साडेअकराला! वेळ न बघता निघायची आमची जुनी खोड. दोन मजले धावतपळत उरकले, बुधवारी पुन्हा तिकीट काढलं. खरं तर सोमवार सोयीचा. त्या दिवशी शेजारचं उफ्फिझी कलासंग्रहालय बंद असतं, हे उघडं असतं.

आर्नो नदीकाठच्या जुन्या दगडी वाड्यातलं हे संग्रहालय मुळात विज्ञानाच्या इतिहासाची संशोधन संस्था, १९२७ सालची. आत्ताचं नाव २०१० चं. ग्रंथालय आणि संशोधन आजही चालतं. १९६६ च्या महापुरात पाणी आत शिरलं, तेव्हा संचालिका मारिया लुईझा रिगिनी बोनेल्ली यांनी इमारतीच्या कडेकडेने जीव मुठीत धरून उपकरणं उफ्फिझीत नेली. हे आधी माहीत असेल तर दुर्बिणी वेगळ्याच दिसतात.

गर्दी असते ती बोटापाशी. १७३७ साली गॅलिलिओचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या समाधीत हलवताना कुणी कुणी बोटं काढून घेतली. मधलं बोट काचेच्या अंड्यात ठेवलंय. चर्चने ज्याला घरात डांबलं, त्याचं बोट एखाद्या संताच्या अस्थीसारखं जपलेलं! पोरं तिथून हलत नाहीत.

तुम्ही मात्र भिंगापाशी थांबा. जेमतेम पावणेचार सेंटीमीटरचं, तडकलेलं, हस्तिदंताच्या नक्षीदार चौकटीत बसवलेलं. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूचे चंद्र दाखवणाऱ्या दुर्बिणीचं हे भिंग. पृथ्वीभोवती न फिरणारं काहीतरी आकाशात आहे, हे यातून दिसलं. त्याआधीच्या एका दालनात खगोल अभ्यासक सांतुच्चीचा प्रचंड सोनेरी लाकडी खगोल, म्हणजे विश्वाची प्रतिकृती, आहे, १५९३ साली पुरा झालेला. वर्तुळांच्या त्या जाळ्यात मधोमध पृथ्वी. म्हणून आधी खगोल बघा, मग भिंग. मधे फक्त सतरा वर्षं. मी उलट गेलो, मग परत फिरलो.

दुसऱ्या मजल्यावर विजेची, रसायनाची यंत्रं. पाय दुखत असतील तर तो भाग भराभर बघितला तरी चालेल.

बाहेर चौकात मोठी सूर्यघटिका आहे, ऊन असेल तेव्हाच बघण्यात मजा. तिथून चालत दहा मिनिटांवर सांता क्रोचेत मायकेलअँजेलोच्या समाधीसमोर गॅलिलिओची समाधी. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, तिकीट वेगळं.